नोंद कुणाच्या खिशात?

३१ डिसेंबर २०१८ ही तारीख आज फारशी कुणाला आठवत नाही. त्या दिवसापर्यंत देशातल्या बँकांनी चुंबकीय पट्टीची जुनी कार्डं बदलून चिपची कार्डं द्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. बँकांचे एसएमएस येत होते, कुरियरवाला पाकिटं टाकून जात होता, जुन्या कार्डाचे कात्रीने दोन तुकडे करा असं सांगितलं जात होतं. मग आपण सगळं विसरलो. नोटाबंदीसारख्या रांगा लागल्या नाहीत, त्यामुळे कुणी अग्रलेखही लिहिले नाहीत. सोनेरी चौकोनाचं एक कार्ड पाकिटात आलं आणि हळूहळू त्याची भावंडंही आली. मेट्रोचं कार्ड, ऑफिसचं दार उघडणारं कार्ड, गाडीचं आरसी, आणि आता तर पासपोर्टच्या पुठ्ठ्यातही चिप.

या चिपबद्दल आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात, ती सुरक्षित आहे का? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. चिप म्हणजे नखाएवढा संगणक. तिला स्वतःची स्मृती आहे, स्वतःचं गुपित आहे आणि समोरच्याने विचारलेल्या प्रश्नाला किती उत्तर द्यायचं हे ठरवण्याची सोयही तिच्यात करता येते. म्हणून दुसरा प्रश्न विचारायला हवा. ही चिप माझ्याबद्दल कुणाला काय सांगते, आणि सांगितलेलं नंतर कुठे साठतं? माझं म्हणणं असं, की चोरी रोखण्याचं काम चिपने चोख केलं. पण माणसाबद्दल कमीत कमी उघड करून काम भागवण्याची तिची जी खरी ताकद, ती आपण जवळजवळ वापरलीच नाही. त्यात तंत्राची अडचण नव्हती. माहिती गोळा करून ठेवायची सवय आपल्या संस्थांच्या अंगात मुरलेली आहे, हे त्याचं कारण.

आधी चोरीचं बोलू. जुन्या कार्डाच्या पाठीवरची काळी पट्टी ही कॅसेटच्या फितीचीच बहीण. १९६० च्या दशकात आयबीएमचा अभियंता फॉरेस्ट पॅरी याला ती प्लास्टिकवर काही केल्या नीट चिकटवता येईना, तेव्हा बायकोने घरातली इस्त्री वापरून पाहायला सुचवलं, अशी गोष्ट सांगतात. फितीवर लिहिलेलं वाचता येतं, आणि जे वाचता येतं ते दुसऱ्या फितीवर उतरवताही येतं. एटीएमच्या फटीवर बसवलेलं बनावट वाचनयंत्र आणि वर दडवलेला बारीक कॅमेरा, एवढ्या भांडवलावर स्किमिंगचा धंदा चालायचा.

चिपचं तसं नाही. तिच्या पोटात एक गुप्त किल्ली असते. ती फक्त कार्ड देणाऱ्या बँकेला ठाऊक असते आणि कधीच बाहेर येत नाही. मशीन रक्कम, तारीख आणि एक अनपेक्षित आकडा चिपला देतं. चिप त्यात स्वतःच्या व्यवहारांचा क्रमांक मिसळते, किल्लीच्या आधारे गणित करते आणि उत्तर परत देते. बँक तेच गणित आपल्याकडे करून पाहते. हे उत्तर त्या एका व्यवहारापुरतंच खरं. चोराने ते टिपून ठेवलं तरी उद्या त्याचा काडीचा उपयोग नाही. युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांनी मिळून १९९० च्या दशकात याची जी जागतिक पद्धत ठरवली, ती तिघांच्या आद्याक्षरांवरून ईएमव्ही म्हणून ओळखली जाते. फ्रान्समधल्या बँका त्यांच्याही पुढे होत्या. १९९२ पर्यंत तिथलं प्रत्येक बँक कार्ड चिपचं झालं होतं. पट्टीला आता उतरती कळा लागली आहे. २०३३ नंतर आपल्या एकाही क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर ती नसेल, असं मास्टरकार्डने जाहीर केलं आहे.

तेव्हा कार्डाची नक्कल करणाऱ्यांचं दुकान बऱ्याच अंशी बंद झालं. चोर मात्र बेकार झाले नाहीत. काही ओटीपी विचारणाऱ्या फोनकडे वळले, काही थेट बँकेच्या मागच्या दाराने आत शिरले. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातला मोठा हिस्सा बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काढला गेला. तिथे खरी मेख कार्डात नव्हती. एटीएमकडून येणाऱ्या विनंत्यांना होकार-नकार देणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी हल्लेखोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली होती, आणि ती खात्याकडे न बघताच प्रत्येक विनंतीला ‘हो’ म्हणत होती. पहारेकरीच चोराने नेमलेला असेल तर कुलूप कितीही भारी असून काय उपयोग? सुरक्षिततेची चर्चा आपण कार्डाच्या चौकोनात अडकवून ठेवतो, आणि धोका मात्र जिथे सगळ्यांचं सगळं एका जागी साठलेलं असतं तिथे असतो. हा मुद्दा पुढे माहितीच्या बाबतीत पुन्हा येणार आहे.

चिपबरोबर पिन आला आणि त्याने आणखी एक गोष्ट गुपचूप बदलली. पूर्वी पावतीवर सही करत होतो. सही खोटी असेल तर ती तपासता येत होती, वाद घालता येत होता. पिन तपासता येत नाही. पिन बरोबर पडला, म्हणजे तो तुम्हीच टाकला असं धरलं जातं. केंब्रिज विद्यापीठातल्या स्टीव्हन मर्डॉक, रॉस अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की चोरलेलं चिप-कार्ड आणि दुकानातलं मशीन यांच्या मध्ये एक छोटं उपकरण घातलं तर कोणताही पिन चालतो आणि बँकेच्या नोंदीत मात्र ‘पिन तपासला’ असंच उमटतं. बँका तोवर ग्राहकांना सांगत होत्या की हे अशक्य आहे, चूक तुमचीच असणार. फ्रान्समध्ये लौकरच गुन्हेगारांनी ही युक्ती प्रत्यक्षात वापरली.

आपल्याकडे तर प्रश्न याहून साधा आणि याहून अवघड आहे. पिन हे एका माणसाचं गुपित असतं, हे गृहीतकच आपल्या घरांत टिकत नाही. पेट्रोल पंपावर उभे राहा. गाडीची काच खाली होते, कार्ड बाहेर येतं, आणि मशीन हातात धरलेला पोरगा ‘पिन?’ असं विचारायच्या आत आतून चार आकडे मोठ्याने ऐकू येतात. मागच्या दुचाकीवाल्यालासुद्धा. हॉटेलात वेटर कार्ड घेऊन काउंटरकडे जातो आणि तिथूनच हाक मारून पिन विचारतो. पेन्शनच्या दिवशी एटीएमच्या दारात आजी उभ्या असतात. कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात चिठ्ठी, चिठ्ठीवर पिन, आणि आजी ते पाकीटच वॉचमनच्या हातात देतात, ‘बाबा, दोन हजार काढ रे.’ त्या आजींना गुप्ततेचं महत्त्व पटवून द्यायला कोणी गेलं तर त्या हसतील. वॉचमन त्यांच्या ओळखीचा असतो, बँक नसते. नवऱ्याचा पिन बायकोला, आईचा मुलाला ठाऊक असणं हा आपल्याकडे विश्वासाचा भाग समजतात.

यंत्रणेला हे मान्य नाही. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बेंगळुरूच्या एका बाईंनी नवऱ्याला कार्ड आणि पिन देऊन पंचवीस हजार काढायला पाठवलं होतं. मशिनमधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र वजा झाले. ग्राहक मंचापुढे प्रकरण काही वर्षं चाललं आणि २०१८ मध्ये तक्रार फेटाळली गेली. पिन दुसऱ्याला दिला हे कारण पुढे आलं. मशिनने पैसे दिले का, हा मूळ प्रश्न बाजूला पडला. इथे रिझर्व्ह बँकेच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तिने स्पष्ट म्हटलं आहे की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य. नियम चांगला आहे. पण त्याच परिपत्रकात पिन दुसऱ्याला सांगणं हा निष्काळजीपणा धरला आहे, आणि तशा वेळी कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. म्हणजे आपल्या आजींना एका ओळीने संरक्षण मिळतं आणि दुसऱ्या ओळीने ते जातं. त्यांच्यासाठी ‘महिन्याला अमुक रकमेपर्यंत घरातला अमुक माणूस काढू शकेल’ अशी परवानगी चिपच्या जमान्यात सहज देता यायला हवी. पिन सांगू नका अशी पोस्टरं लावून हा प्रश्न सुटणार नाही.

नुसतं टेकवून पैसे देण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. ५००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासूनची. आधी ती २००० होती. गर्दीत कुणी मशीन खिशाला लावून पैसे काढून नेईल, असे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि त्या भीतीवर खास पाकिटं विकली जातात. प्रत्यक्षात कार्ड अगदी काही सेंटिमीटरवर आणावं लागतं, आणि मशीनवाल्याचं खातं बँकेकडे नोंदलेलं असतं, म्हणजे चोर स्वतःचा पत्ता ठेवून चोरी करणार. शिवाय नवीन कार्डावर ही सोय बंदच असली पाहिजे, ग्राहकाने मागितली तरच चालू करावी, हे रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये ठरवलं. आधी बंद, मग मागणीनुसार चालू. माहितीच्या बाबतीतही हाच शिरस्ता असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

आता माहितीकडे येऊ, कारण मूळ दुखणं तिथे आहे. फ्रान्सच्या रोलाँ मोरेनोने १९७४ मध्ये स्मृती असलेल्या कार्डाचं पेटंट घेतलं. त्या शोधातून जी गोष्ट आधी लाखो लोकांच्या हातात गेली, ती होती सार्वजनिक टेलिफोनची कार्डं, १९८० च्या दशकात. दुकानातून कार्ड विकत घ्यायचं, त्यात ठरावीक कॉल भरलेले, ते संपले की टाकून द्यायचं. त्यावर नाव नाही, पत्ता नाही. कार्डाला ठाऊक होतं ते एवढंच, की आपल्यात अजून किती शिल्लक आहे. कार्डधारक कोण हे जाणून घ्यायची फोनला गरजच नव्हती.

हाँगकाँगच्या ऑक्टोपस कार्डाने १९९७ पासून हेच तत्त्व सगळ्या शहरभर नेलं. रेल्वे, बस, होडी, चहा, वर्तमानपत्र, सगळं एका टेकवण्यात. ज्याला हवं त्याला बिननावाचं कार्ड मिळत होतं. पण कंपनीने एक बक्षीस योजनाही काढली होती आणि त्यात सामील व्हायला नाव, फोन, जन्मतारीख वगैरे भरून द्यावं लागत असे. २०१० मध्ये उघड झालं, की या योजनेतल्या जवळजवळ २० लाख ग्राहकांची माहिती कंपनीने विमा कंपन्या आणि इतरांना विकून साधारण साडेचार वर्षांत ४ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलर कमावले होते. मुख्य अधिकाऱ्यांना जावं लागलं. ज्यांच्याकडे बिननावाचं कार्ड होतं, त्यांचं विकण्यासारखं कंपनीकडे काही नव्हतंच. दोघांच्या हातात चिप तीच होती. एकाचं नाव तिला जोडलं गेलं होतं आणि दुसऱ्याचं नाही, एवढाच फरक.

‘नाव काढून टाकलं की झालं, मग माहिती निनावीच ना?’ असं कंपन्या म्हणतात. त्याला उत्तर २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या एका अभ्यासाने दिलं. ईव्ह-अलेक्झांद्र द मोंज्वा आणि सहकाऱ्यांनी ११ लाख माणसांचे तीन महिन्यांचे कार्ड-व्यवहार तपासले, नावं-नंबर काढून टाकलेले. कुठल्या दुकानात कुठल्या दिवशी, अशा चार नोंदी माहीत असल्या तर ९० टक्के माणसं ओळखता येत होती. मंगळवारी कोपऱ्यावरच्या डेअरीत, बुधवारी औषधाच्या दुकानात, शनिवारी अमुक चित्रपटगृहात आणि रविवारी तमुक देवळाबाहेर. एवढं ठाऊक असलेले चारजण आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात. बायका पुरुषांपेक्षा लवकर ओळखू येतात, असंही त्यात आढळलं.

मुंबईकराने बिननावाचा प्रवास पाहिला आहे, त्यामुळे त्याला हे समजायला अवघड जाऊ नये. लोकलच्या स्टेशनवर कूपनची पुस्तिका मिळायची. कूपन पंच करायचं आणि गाडी पकडायची. पुढे तिकीट देणाऱ्या एटीव्हीएम यंत्राचं स्मार्ट कार्ड आलं. खिडकीवर पैसे दिले की कार्ड हातात. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली तिचं कार्डही तसंच. या कार्डांनी वर्षानुवर्षं लाखो माणसं वाहिली आणि कुणाचंही काही अडलं नाही. रेल्वेला तिकिटाचे पैसे मिळाले, प्रवाशाला रांगेतून सुटका मिळाली.

मग ‘एक देश, एक कार्ड’ आलं. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड ४ मार्च २०१९ ला जाहीर झालं. कल्पना खरोखर चांगली आहे. मुंबईची मेट्रो, पुण्याची मेट्रो, दिल्लीची बस, सगळीकडे एकच कार्ड चालावं. त्यातली चिपसुद्धा हुशार आहे. प्रवासापुरते पैसे कार्डातच राहतात, जास्तीत जास्त २०००. गेटवर टेकवलं की अर्ध्या सेकंदाच्या आत रक्कम कार्डातूनच वजा होते, बँकेला विचारायला जावं लागत नाही. म्हणून तर पुण्यात नवखा माणूस गडबडतो. मोबाइलवरून रिचार्ज केलेले पैसे गेटवर दिसत नाहीत, कारण ते अजून कार्डात उतरलेले नसतात; आधी स्टेशनातल्या मशीनला कार्ड लावून ते उतरवून घ्यावे लागतात. मागे रांग, पुढे बंद गेट आणि हातात ‘पैसे भरलेत हो’ म्हणत दाखवलेला मोबाइल.

मला हा गोंधळ आशादायक वाटतो, कारण त्यातून दिसतं की पैसे खरंच कार्डात आहेत. म्हणजे तंत्राच्या दृष्टीने या कार्डाला तुमचं नाव कळायची गरज नाही. तरीही बहुतेक ठिकाणी काउंटरवर पहिला प्रश्न मोबाइल नंबरचा असतो. कार्ड हरवलं तर शिल्लक परत मिळावी, सवलत देता यावी, ही कारणं सांगतात आणि ती खोटी नाहीत. ज्याला ती सोय हवी त्याने नंबर द्यावा. वीस रुपयांच्या प्रवासाला ओळखीची अट मात्र कशाला? कोण किती वाजता पुण्याच्या जिल्हा न्यायालय स्टेशनला चढलं आणि कुठे उतरलं, याची वर्षानुवर्षांची यादी बँकेकडे आणि मेट्रोकडे का असावी? ही यादी किती दिवस ठेवली जाते, कोण मागू शकतं, कधी पुसली जाते, हे कार्डाच्या पाकिटावर ठळक छापलेलं असायला हवं.

चिपने कमी सांगावं म्हणजे नेमकं काय, ते एसटीत बसून पाहावं. आपल्या महामंडळात ६५ वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट आणि २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे. कंडक्टरला एकाच गोष्टीशी कर्तव्य आहे, वय त्या रेषेच्या वर आहे का. त्यासाठी आजोबा शर्टाच्या खिशातून आधार कार्ड काढतात, दुमडून कडा फाटलेलं, आणि कंडक्टरला दिसतो फोटो, पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता आणि बारा आकडी क्रमांक. शेजारच्या सीटवरच्यालाही दिसतो. ज्येष्ठांसाठी स्मार्ट कार्ड काढण्याची योजना २०१९ मध्ये आली होती; मुदतीवर मुदती वाढल्या आणि गाडी पुन्हा आधारवरच आली. जर्मनीच्या ओळखपत्रात २०१० पासून चिप आहे आणि ती या प्रश्नाला नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकते. जन्मतारीख सांगत नाही. समोरच्या यंत्राला त्याच्या गरजेपुरतं उत्तर मिळतं, बाकी सगळं कार्डधारकाच्या खिशात राहतं. चिप नावाच्या वस्तूचं मोल इथे आहे, आणि आपण ती पैसे वजा करण्यापुरती वापरतो.

आपल्या देशाने हा रस्ता कधी पाहिलाच नाही असं नाही. २००३ मध्ये काही निवडक भागांत बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्राचा प्रयोग सुरू झाला, ते कार्ड चिपचं होतं. २००८ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. कुटुंबाने ३० रुपये भरायचे, पाच जणांपर्यंत वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण. गावात येऊन फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायचे आणि तिथेच चिपचं कार्ड छापून द्यायचं, अशी रचना होती. ठसे कार्डातच असल्यामुळे रुग्णालयात नेटवर्क असो वा नसो, माणूस तोच आहे हे पटत होतं. कामासाठी परगावी जाणाऱ्याला त्याच कार्डाची फोड करून दुसरं कार्ड घेता येत होतं. योजनेत दोष पुष्कळ होते. कार्ड वेळेवर न मिळणं, संरक्षणाची रक्कम तुटपुंजी, गरज नसताना शस्त्रक्रिया करणारी रुग्णालयं. पण ते दोष चिपचे नव्हते. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली आणि हा धडा मिटला.

तोवर देशाने वेगळी वाट धरली होती. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. आधारने ठरवूनच कार्डाऐवजी क्रमांक दिला. हातात कागद, ठसे आणि बुबुळं मध्यवर्ती साठ्यात. प्रत्येक वेळी त्या साठ्याला विचारायचं, हाच का तो माणूस? खर्च वाचला, हे खरं. कोट्यवधी चिप-कार्डं छापणं, हरवलेली बदलून देणं, सगळीकडे वाचनयंत्रं बसवणं सोपं नव्हतं. किंमत मात्र दुसरीकडे चुकवावी लागते. डोंगराळ भागातल्या रेशन दुकानात अंगठा लावायला माणसं उभी असतात आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकून एका दिवसाची मजुरी बुडवून परत जातात. कार्डात ठसा असता तर दुकानातच काम झालं असतं. आणि ‘विचारलं गेलं’ याची नोंद दर वेळी मध्यवर्ती ठिकाणी जमत राहते, ती वेगळीच.

चिपच्या विरोधात सांगता येईल असं सर्वांत जोरकस उदाहरण एस्टोनियाचं. त्या देशाचा बराचसा कारभार चिपच्या ओळखपत्रावर चालतो. २०१७ मध्ये कार्डातल्या चिपमध्ये किल्ली तयार करण्याच्या पद्धतीतच दोष सापडला. सुमारे साडेसात लाख कार्डांवर त्याचा परिणाम होता आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची डिजिटल प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली. म्हणजे हातातली चिपही बिघडू शकते. मान्य. पण तिथे लोकांची साठवलेली माहिती चोरीला गेली नाही. कार्डं दुरुस्त करून पुन्हा चालू झाली. आपल्याकडे एखाद्याच्या बोटाचा ठसा गळला तर तो कसा बदलून देणार?

चिपचा शहाणा वापर पाहायला एस्टोनियाला जायला नको, नाशिकरोड पुरेसं आहे. तिथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये आपले पासपोर्ट छापले जातात आणि २०२४ पासून देशात ई-पासपोर्ट द्यायला सुरुवात झाली. वर सोनेरी खूण, पुठ्ठ्याच्या आत चिप आणि अँटेना. त्या चिपमधली माहिती सरकारच्या डिजिटल सहीने बंद केलेली, म्हणजे कुणी फोटो बदलला तर लगेच उघडं पडतं. आणि ती वाचायला आधी पासपोर्ट उघडून आतल्या पानावरच्या खालच्या ओळी यंत्राला दाखवाव्या लागतात. बाजूने जाणाऱ्याला काही वाचता येत नाही. मालकाने पान उघडून दिलं तरच चिप बोलते. हे आपल्याला जमतं, नाशिकमध्ये बसून जमतं. मग एसटीच्या कार्डात का जमू नये?

इथे वाचक म्हणेल, अहो, कार्डांचं काय घेऊन बसलात, जग यूपीआयवर गेलं. भाजीवालीच्या पाटीला क्यूआर चिकटवलेला आहे आणि डबा ओरडून सांगतो, पैसे आले. खरं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदा एक हजार कोटींच्या वर गेले. दुकानदाराला शुल्क नाही, कार्डाच्या मशीनचं भाडं नाही, तर तो क्यूआरच लावणार. पण माहितीच्या तराजूत तोलून पाहा. चिपच्या कार्डाने चहा घेतला तर चहावाल्याला कार्डाचे शेवटचे चार आकडे कळतात. यूपीआयने घेतला तर त्याच्या मोबाइलवर तुमचं नाव उमटतं, आणि पुष्कळांचा यूपीआय पत्ता म्हणजे त्यांचा मोबाइल नंबरच असतो. पानाच्या टपरीवर किंवा रिक्षात पैसे देताना अनोळखी माणसाच्या हातात आपलं नाव आणि नंबर जाणं याचा अर्थ पुरुषांना पटकन लक्षात येत नाही. कॉलेजच्या मुलींना विचारा. रोख पैसे आजही खिशात ठेवण्याचं हे एक कारण त्या सांगतील. यूपीआयने वेग दिला, फुकट दिला, आणि रोखीतला निनावीपणा काढून घेतला. बिननावाचं चिप-कार्ड नेमकं तेच परत देऊ शकतं.

कायद्याने काय केलं? काही गोष्टी नक्कीच. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की पैसे देण्याघेण्याची सगळी माहिती भारतातच साठवा. ते न पाळल्यामुळे मास्टरकार्डला २०२१ पासून जवळपास वर्षभर नवे ग्राहक घेता आले नाहीत. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना तुमच्या कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही, त्याच्या जागी एक टोकन असतं. दोन्ही निर्णय चांगले. पण माहिती भारतात आहे याचा अर्थ ती तुमच्या हातात आहे असा होत नाही. ती मुंबईतल्या सर्व्हरवर आहे, एवढंच. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. ठरावीक कामाला जेवढी माहिती लागते तेवढ्यापुरतीच संमती, हे तत्त्व त्यात आहे. त्याच कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना यातून सूट देण्याची मुभाही आहे. मेट्रो कुणाची, एसटी कुणाची, रेशन कुणाचं, हे लक्षात घेतलं की सामान्य माणसाचा रोजचा व्यवहार ज्यांच्याशी पडतो, त्यांनाच ही पळवाट सापडू शकते.

कमी सांगणाऱ्या चिपच्या बाजूने बोलणाऱ्यावर नेहमीचा आरोप होतो, लपवायचं काय आहे? मला काहीच लपवायचं नाही. तरीही मी कुठल्या दवाखान्यात कितव्यांदा गेलो, हे मेट्रोच्या नोंदीवरून कुणाला काढता येऊ नये असं वाटणं हा गुन्हा नव्हे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं आहे. लाचखोर आणि करचुकवे यांना पकडायला मोठ्या रकमांचा माग हवा, तो असूच द्या. वीस-पन्नास रुपयांच्या तिकिटांचा माग ठेवून एकही काळ्या पैशावाला सापडलेला मला माहीत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मेट्रोच्या किंवा बसच्या काउंटरवर कार्ड घेताना मोबाइल नंबर मागितला, तर थांबा आणि विचारा, नंबराशिवाय कार्ड मिळेल का? कर्मचारी बहुधा ‘सिस्टीममध्ये तसं होत नाही’ म्हणेल. त्याच्याशी भांडू नका, त्याचा दोष नाही. तक्रारवहीत लिहा, मेट्रोला पत्र पाठवा, नगरसेवकाला विचारा. फक्त प्रवासासाठी चालणारं, ३००० रुपयांपर्यंत शिल्लक राहणारं कार्ड केवायसीशिवाय द्यायला रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्येच परवानगी दिलेली आहे.